दाराशेजारचं टार्गेट

आमच्या बिल्डिंगमध्ये दहा मीटर सरळ जागा एकच आहे, पॅसेज. या टोकाला आमचं दार, त्या टोकाला त्याचं, समोरासमोर. मधे दोन्ही बाजूंना बाकीच्यांची दारं. पोरीला पिस्तुलाची प्रॅक्टिस करायची म्हणजे आमच्या उंबऱ्यात उभं राहायचं आणि कागद लावायचा त्याच्या दाराच्या उजव्या अंगाला, भिंतीची जेवढी पट्टी उरलीय तिच्यावर. दुसरी जागा नाही. आणि त्या दारामागे जो राहतो त्याने माझी बायको मारली.

हे आधीच सांगून टाकतो. लोक गोल गोल फिरवून सांगतात, मला ते जमत नाही. मी चौथी शिकलो आणि कुर्ल्याला ग्रिल-गेटच्या कारखान्यात लागलो. साठी उलटेपर्यंत लोखंड जोडलं. घाटकोपरला डोंगराखाली आमची झोपडी होती, ती तोडून ही बिल्डिंग झाली, तेव्हा मजल्यावरच्या सगळ्यांचे सेफ्टी डोअर मीच बनवले. त्याचाही. तो तेव्हा मला काका म्हणायचा, तिला काकी. दार बसवायला गेलो तेव्हा त्याने मला सरबत पाजलं होतं.

बायको तोंडाळ होती. गाव मालवणकडचं, मुंबईत चाळीस वर्षं काढली पण भांडायला उभी राहिली की भाषा गावची. नळाला पाणी आलं की तिच्या आवाजाने मजला उठायचा. आता मजला उशिरा उठतो.

त्याचा पाण्याच्या जारचा धंदा. वीस वीस लिटरचे जार टेम्पोतून आणायचा आणि भरलेले, रिकामे सगळे पॅसेजमध्ये रचायचा, ते ठेवायच्या लोखंडी स्टँडसकट. जायला वाट राहायची नाही. हिचे गुडघे गेलेले, आडवं होऊन जावं लागायचं. सांगून झालं, सेक्रेटरीला सांगून झालं. एक दिवस लिफ्ट बंद, ही बाजाराची पिशवी घेऊन जिना चढून आली आणि समोर जारची भिंत. हिने पिशवी खाली ठेवली आणि पायाने दोन रिकामे जार जिन्यावरून खाली सोडले. ते गडगडत गेले. वरून हिचं तोंड चालू. "ह्यो पॅसेज काय तुझ्या बापाशीचो नाय, मेल्या."

तो बाहेर आला. काकी, आवाज नको, म्हणाला. ही कसली गप्प बसते. त्याने हाताशी होता तो स्टँड उचलला आणि हाणला. कानामागे लागला. पोरगी आतून धावत आली, त्याची कॉलर धरली, तर त्याने तिचा हात पिरगाळून तिला भिंतीवर फेकली. तिच्या मनगटाचं हाड तुटलं, उजव्या. पिस्तुलाचा हात. आणि बायको मागच्या मागे जिन्यावरून गेली. मी खाली टपरीवर चहा पीत होतो. जार रस्त्यावर आला तेव्हा मी हसलो होतो, म्हटलं झाली आमच्या बाईची सुरुवात. वर आलो तर ती उलटी पडलेली, डोकं खालच्या पायरीवर, पाय वर, साडी सरकलेली. कानातून रक्त येत होतं, पायरीवरून पायरीवर ओघळत होतं. मी आधी साडी सारखी केली. मग तिला उचललं. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच गेली. शुद्धीवर आलीच नाही.

पोलीस आले, जबाब झाले. मजल्यावरचे सगळे म्हणाले, आवाज ऐकला, बाहेर आलो तर काकी पडलेल्या, पाय घसरला असावा. सगळ्यांच्या घरात त्याचं पाणी येतं, उधारीवर. काही महिने तो आत होता, मग जामीन झाला. वकील म्हणाला, केस चालेल. मी विचारलं, कधी? तर म्हणाला, काका, चालेल. तो परत आला, आपल्या घरात, त्याच दारामागे. त्याची बायको माहेरी निघून गेली होती. तो एकटाच. जार मात्र आता खाली टेम्पोतच ठेवायचा.

पोरगी कॉलेजात असल्यापासून एअर पिस्तुल मारते. बोरिवलीकडे एक रेंज आहे, तिथे शिकली. आता एका ऑफिसात कामाला आहे आणि सुटीच्या दिवशी रेंजला जाते. हवेवर चालतं ते पिस्तुल, आत शिशाचा बारका छर्रा. लोक त्याला खेळणं समजतात. डोळ्यात बसला तर खेळणं नाही. तिचा खेळ चांगला होता, राज्याच्या ट्रायलपर्यंत गेली होती. प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा पिस्तुल उचललं आणि हात थरथरायला लागला. असा, ताप आल्यासारखा. रेंजवरून आली ती कोपऱ्यात तोंड करून बसली.

तिच्या कोचने मग ती मशीन दिली, काही दिवसांसाठी, वापरा आणि परत करा म्हणून. मशीन म्हणजे अंगठ्याएवढी डबी. ती पिस्तुलाच्या नळीखाली आवळायची. डबीला पुढे एक डोळा आहे, तो समोरचा काळा गोळा बघत राहतो. वायर लॅपटॉपला. छर्रा घालायचा नाही, हवा नाही, नुसता ट्रिगर दाबायचा, टक्. आणि स्क्रीनवर दिसतं, हात कुठून आला, कुठे फिरला, दाबला तेव्हा कुठे होता. रेघ उमटत जाते. आधी हिरवी, दाबायच्या आधीच्या घडीला पिवळी, दाबल्यावर लाल. मला वाचायला कमी येतं पण रेघा कळतात. जन्मभर खडूच्या रेघेवर लोखंड कापलं.

आमचं काम वाटून घेतलेलं होतं. मी लोखंडी अँगलचा स्टँड बनवला, त्या पट्टीला टेकवून कागद लावायला. वरून दिवा टाकला, कागदावर सावली पडता कामा नये. मग मी तिच्या मागे स्टुलावर बसायचो, लॅपटॉप मांडीवर, आणि ती उंबऱ्यात, एक हात कमरेला, एक हात समोर. मजल्यावरचं कुणी काही बोललं नाही. बोलायला तोंड कुणाला होतं?

मशीनला आधी शिकवावं लागतं, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. डबी नळीच्या खाली असते, तर डबी बघते एकीकडे आणि नळी बघते दुसरीकडे. म्हणून पहिल्यांदा पोरीने नीट नेम धरायचा आणि ट्रिगर दाबायचा. मग मशीन विचारते, हाच मध्य धरू का? हो म्हणायचं. तिथून पुढे सगळं माप त्या मध्यापासून. पहिलाच खोटा धरला तर पुढचं सगळं खोटं, मग तू कितीही नीट मार. हो म्हणायची कळ माझ्याकडे होती.

दुसरी भानगड कानाची. डबीला कानही आहे, टक् झालं की तिला कळतं गोळी सुटली. पण तिच्या ट्रिगरचा आवाज इतका बारीक, की अर्ध्या वेळा डबीला ऐकूच जायचं नाही. पोरीने तो कान वाढवला, शेवटपर्यंत. रेंजवर चाललं असतं. आमच्या पॅसेजमध्ये दारं लोखंडी आहेत. हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि दारं ज्याने बनवली त्याच्याही नाही.

प्लास्टरनंतर तिच्या रेघा बघवायच्या नाहीत. मांजराने सुतळीचा गुंडा विस्कटावा तसा स्क्रीनवर गुंता. दहातले सहा, सात, चुकून आठ. ती परत हात उचलायची. मी म्हणायचो, गो बस जरा. ती बसायची नाही.

तो दार उघडून बघायचा. आमची प्रॅक्टिस चालू झाली की त्याला बाहेर काम निघायचं. कचरा ठेवायचा, चपला झटकायच्या. जाताना सेफ्टी डोअर असा आपटायचा की भिंत हलायची. दुपारची वेळ होती त्या दिवशी, मजला झोपलेला. पोरीने डबी काढून परत आवळली होती, म्हणजे परत शिकवणं आलं. तिने हात उचलला. मी स्क्रीनकडे बघत होतो. दार उघडल्याचा आवाज आला. त्याचा आवाज आला, तोंडात तंबाखू धरून बोलत होता.

"काय, आज कुणाचा नंबर?"

पोरीने हात खाली घेतला नाही. मीही मान वर केली नाही.  मग दार आपटलं. स्क्रीनवर लाल ठिपका पडला आणि मशीनने विचारलं, हाच मध्य धरू का? मला वाटलं पोरीने दाबला. मी हो म्हटलं.

त्यानंतर तिने मारायला सुरुवात केली. शून्य. परत शून्य. तिने वळून बघितलं. मी म्हटलं, काळ्या गोळ्यातच नाही दिसत. ती म्हणाली, असं कसं होईल पप्पा, काळ्यावर होते मी. परत मारली, शून्य. ती घाबरली, कोचची मशीन, बिघडली की काय. वायर काढून घातली, डबी फुंकली. मी तोवर स्क्रीनवरचं चित्र लहान लहान करत गेलो, हे मी शिकलो होतो. लहान केल्यावर दिसलं. तिच्या सगळ्या गोळ्या एका जागी, मध्यापासून लांब, उजवीकडे. जसा काही तिकडे दुसरा कागद टांगलाय. गोळ्या कागदावरच होत्या. मध्य डावीकडे सरकला होता.

कागदाच्या डावीकडे काय आहे? दार.

मी शिकवणीची रेघ परत चालवून बघितली. हिरवी रेघ खालून वर आली, काळ्यावर आली, गुंता झाला, नेहमीसारखा. मग एकदम डावीकडे गेली. सरळ, ओढल्यासारखी. आणि थांबली. पिवळी झाली आणि थांबलीच. सुईने टोचावं एवढ्या जागेत. हलली नाही, थरथरली नाही. मग लाल, दार आपटल्याच्या आवाजाने; ट्रिगर तिने दाबलाच नव्हता. स्टँड मी बनवलाय, त्याची उंची मला माहीत. काळा गोळा उभ्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर येतो.

मशीनने त्याच्या गळ्याला मध्य धरलं होतं.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगतो. बरं वाटलं. पोटातून बरं वाटलं, जसं थंडीत आतमध्ये काही गरम जातं. मीही काही साधू नाही. माझ्या खाटेखाली दोन फुटाचा गज आहे, चार सूतचा, बोटाएवढा जाड, टोक ग्राइंडरने काढलेलं. तो जामिनावर परत आल्यावर मी हा गज आणला. रोज सकाळी तो जिना उतरतो तेव्हा मी दारात असतो आणि मनात त्याला रोज मारतो. कधी मानेत, कधी पोटात. सावकाश मारतो. मला कळत होतं, कधी तरी होणार. माझं काय, आत टाकतील, तिथेच जाईन. पण हा विचार माझा होता, माझ्या खाटेखालचा. घरात दोन माणसं हाच विचार करत झोपतात हे मला माहीत नव्हतं.

मी पोरीला विचारलं, दार उघडलं तेव्हा कुठे धरलं होतंस? म्हणाली, टार्गेटवर. मी म्हटलं, मशीन तसं म्हणत नाही. आणि लॅपटॉप फिरवला.

ती वाकून बघत राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही. तिने ती रेघ परत चालवली, मग परत. बोटाने तो लाल ठिपका स्क्रीनवर पुसल्यासारखा केला.

"पप्पा," ती म्हणाली, "इतका स्थिर हात माझा आधी पण नव्हता."

तिच्या आवाजात आनंद होता. पहिलीत पास झाल्यावर सांगायला आली होती तसा. तेव्हा मी घाबरलो. बायकोला उचलली तेव्हा घाबरायला वेळ नव्हता, तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो.

मी म्हटलं, उद्यापासून पॅसेजमध्ये नाही. तर म्हणाली, मग कुठे? रोज बोरिवलीला जाऊन येऊन माझा दिवस जाईल, ऑफिस कोण करणार? मी म्हटलं, मशीन परत दे. म्हणाली, देते, पिस्तुल माझं आहे. आमचं वाजलं. घरात आता दोघंच, तर भांडणात मधे पडायला कुणी नाही, वाढतच जातं. मी तिला म्हटलं, तुला आत जायचंय का त्या भिकारड्यासाठी? तिने माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही खाली चहा पीत होतात," म्हणाली. "मी वर होते. माझ्या हातातून तो सुटला."

 

तिने प्रॅक्टिस सोडली नाही. मीही स्टूल सोडलं नाही, म्हटलं मागे मी असलेला बरा. मशीन परत शिकवली, मध्य कागदावर आणला, कान कमी केला. पण ती आता कागदासाठी उभी राहत नव्हती हे मला कळायचं. हात उचलायची आणि धरून ठेवायची, ट्रिगर दाबायची नाही. वाट बघायची. दार बंद असलं की रेघेचा गुंता. दार किलकिलं झालं की रेघ सावरायला लागायची, जसा पाळलेला कुत्रा मालकाची चाहूल लागल्यावर सावरतो. त्याला वाटायचं पोरगी घाबरवायला करते. त्याला मजा यायची. उघडायचा, बघायचा, थुंकायचा, आपटायचा. एकदा म्हणाला, नीट धर गं, हलतंय. हलत नव्हतं. मी स्क्रीन बघत होतो, हलत नव्हतं.

मग तो रविवार. ती सकाळी रेंजला जाऊन आली होती, म्हणजे पिस्तुलात हवा भरलेली होती. जेवून तिने स्टँड लावला. दिवा लावला. डबी आवळली नाही. मी म्हटलं, मशीन? तर म्हणाली, आज नको. मी स्टुलावर बसलो, मांडीवर काही नाही, त्यामुळे पहिल्यांदाच तिच्या हाताकडे बघत होतो. तिने पिशवीतून गोल डबा काढला, झाकण फिरवलं, छर्रा चिमटीत धरला आणि पिस्तुलाचा खटका वर करून आत ढकलला. अंगठ्याने दाबून बसवला. खटका बंद केला. घरच्या प्रॅक्टिसला छर्रा लागत नाही. कधी लागला नाही.

मी उठलो, तेवढ्यात समोर दार उघडलं. त्याचं.

तो बनियनवर होता. हातात पाण्याचा ग्लास. पोरीचा हात वर गेला, सावकाश, खालून वर, रेंजवर शिकवतात तसा. कागदापर्यंत गेलाच नाही. त्याने ग्लास खाली घेतला आणि हसला. छाती पुढे काढून उंबऱ्यात उभा राहिला.

"मार ना," म्हणाला. "मार, हिंमत आहे तर."

मी चालायला लागलो. पळालो नाही. पळालो असतो तर तिने दाबलं असतं, असं मला वाटतं. पॅसेजच्या मधोमध, तिच्या नळीसमोरून चालत गेलो, पाठीला ती नळी लागल्यासारखी. त्याच्यासमोर जाऊन वळलो आणि पोरीकडे तोंड करून उभा राहिलो. माझ्या पाठीशी तो. त्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता, तंबाखूचा वास. ज्याने बायकोला मारलं त्याच्यापुढे मी भिंत होऊन उभा होतो. दुसरं काही सुचलं नाही.

पोरीचा हात तसाच. नळीचं बारीक भोक मला दिसत होतं, आणि त्याच्या मागे तिचा एक डोळा.

"बाजूला व्हा पप्पा."

मी हललो नाही. मागून तो म्हणाला, काका, व्हा ना बाजूला, बघू तरी काय करते पोरगी.  मी पोरीला म्हटलं, तुझा हात मला पाहिजे. ती म्हणाली, तुम्हाला हात पाहिजे, मला आई पाहिजे. मी म्हटलं, मला पण पाहिजे गं. यात मिळणार नाही.

शेजारचं एक दार उघडलं आणि लगेच बंद झालं.

मग तिचा हात हलायला लागला. आधी नळीचं टोक, मग मनगट, मग खांद्यापासून. त्या दिवसासारखा, ताप आल्यासारखा. तिने हात खाली केला, नळी जमिनीकडे, आणि घरात गेली. छर्रा एकदा आत गेला की काढता येत नाही, सोडावाच लागतो. आतून आवाज आला, फट्, जाड, दबका. नंतर बघितलं, कापसाच्या गादीत सोडला होता. गादी तिच्या आईची.

तो मागून हसला. "बस, एवढंच?" म्हणाला. "आईसारखं नुसतं तोंड."

मी वळलो. तो आत जात होता, एक हात चौकटीवर टेकलेला, बोटं आतल्या बाजूला, जिथे दार येऊन बसतं तिथे. ते दार किती किलोचं आहे मला माहीत आहे. कुठे चावतं ते माहीत आहे, सुरुवातीला माझ्याच बोटाला चावलं होतं. मी कडी दोन्ही हातांनी धरली, पाय भिंतीला लावला आणि ओढलं, अंगातला सगळा जोर लावून. हाडाचा आवाज झाला. तो गुरासारखा ओरडला. हात सोडवायला त्याने दार मागे घेतलं, तर मी परत ओढलं. मग तिसऱ्यांदा. त्याचा ग्लास फुटला होता, मी काचांवर उभा होतो, नंतर कळलं. रक्त दारावरून खाली येत होतं. माझ्या तोंडून काय जात होतं ते मी सांगत नाही, पण ते सगळं बायकोच्या भाषेत होतं.

लोकांनी मला ओढून बाजूला केलं. त्याची तीन बोटं तुटली, एक अजून वाकडं आहे. मला वाईट वाटलं नाही. लोकांना वाटतं मी म्हातारा झालो म्हणून असं बोलतो. तसं नाही, मला खरंच वाटलं नाही.

पोलीस आले. मला गाडीत घालून नेलं. मी तयार होतो, म्हटलं माझ्याकडून झालं, पोरीकडून नाही झालं, हे बरं. एक शिपाई मजल्यावर जाऊन जबाब घेऊन आला. सगळ्यांनी सांगितलं, आवाज ऐकला, बाहेर आलो तर ह्यांचा हात दारात अडकलेला. जिन्यातून वारा येतो साहेब, दार जड आहे, लागलं असावं. वारा. मी ऐकलं आणि बाकावर बसल्या बसल्या मला हसू फुटलं, थांबेना. शिपाई म्हणाला, म्हातारबा, डोकं फिरलं का? मी म्हटलं, साहेब, मी केलंय, वारा नाही. तो म्हणाला, गप बसा, घरी जा.

वकिलाने मला शिव्या घातल्या. म्हणाला, आता समोरचा वकील कोर्टात तुम्ही मोडलेली बोटं दाखवेल, केस नासवलीत. नासली असेल. जारवाल्याने पुढच्या महिन्यात खोली भाड्याने दिली आणि कुठे कांजूरमार्गकडे राहायला गेला म्हणतात. त्याच्या खोलीत आता एक बाळंतीण राहते. ती दार हळू लावते.

 गादी उसवून आतला छर्रा मी पोरीसमोर काढला, खिडकीबाहेर फेकला आणि गादी पिंजाऱ्याकडून परत भरून आणली. गज मी भंगारवाल्याला दिला. तिने बघितलं, विचारलं नाही कसला.

एक दिवस ती म्हणाली, पॅसेज आता मोकळा आहे. मी म्हटलं, नको. घरात करू. म्हणाली, घरात कुठे दहा मीटर? मशीनला अंतर सांगता येतं, पाच मीटर म्हणायचं, कागद लहान लावायचा, हे तिनेच मला पूर्वी सांगितलेलं. आम्ही खाट उभी केली, कपाट सरकवलं. ती खिडकीला पाठ करून उभी राहिली आणि कागद मोरीच्या भिंतीवर, नळाच्या वर. मला बसायला दुसरी जागा नाही, म्हणून मी मोरीच्या कट्ट्यावर, लॅपटॉप गुडघ्यावर, एका हातात दिवा, कागदाखाली जवळजवळ. म्हणजे तिची नळी माझ्या डोक्यावरून बघत होती. ती म्हणाली, पप्पा, तिथे नका बसू. मी म्हटलं, वायर पुरते तिथेच बसणार ना.

तिने डबी आवळली, हात उचलला. रेघ वर आली, काळ्यावर आली आणि लागली गुंतायला. डावीकडे, उजवीकडे, खाली, परत वर. कुठे थांबेना. तिने दाबायला वेळ लावला. टक्.

मशीनने विचारलं, हाच मध्य धरू का? ठिपका काळ्यावर होता, जरा खाली, सातवर. हो म्हणायचं नव्हतं, परत मारायची होती, सातला कोण मध्य धरतं?

"किती?" तिने विचारलं.

"सात. हलतोय हात."

"माहीत आहे," ती म्हणाली. मनगट झटकलं, पँटला घाम पुसला. "परत घेऊया. आणि दिवा सरळ धरा ना पप्पा, तुमच्या डोक्याची सावली पडतेय कागदावर."

मी डोकं खाली केलं.